कशिदा चौकटीत बसविण्यापूर्वी

यंदाच्या स्नेहसंमेलनाच्या हस्तकला-प्रदर्शनासाठी घरातील जुने भरतकाम आणावे, असे आम्ही विद्यार्थिनींस सुचविले होते. आलेल्या वस्तूंत एक चौकट होती. काळ्या चंद्रकळेच्या पदराचा वीतभर तुकडा, त्यावर पांढऱ्या, तांबड्या व हिरव्या रेशमाने भरलेले तुळशीवृंदावन आणि दोन्ही बाजूंस एकेक मोर. काम त्या मुलीच्या पणजीच्या हातचे. परंतु मोरांच्या पिसाऱ्यावर तपकिरी डाग पसरले होते आणि एका कोपऱ्यात काचेला बुरशी धरली होती. कापड मोकळे करावे म्हणून चौकट उघडली, तो ते पुठ्ठ्याला सरसाने घट्ट चिकटविलेले! कोपरा उचलताच रेशमाचे धागे पुठ्ठ्यावरच राहिले. आम्ही तेथेच हात आवरला.

हा तुकडा पेटीत कुजू न देता चौकटीत बसवावा, हा सल्ला काही वर्षांपूर्वी त्या घरास आम्हीच दिला होता. कसा बसवावा हे सांगितले नव्हते, कारण ते आम्हांसही ठाऊक नव्हते. म्हणून आज जे लिहीत आहोत ते उपदेशापेक्षा प्रायश्चित्त म्हणूनच वाचावे. आमचे म्हणणे एवढेच आहे की, जी चौकट उद्या उघडून आतील कापड जसेच्या तसे बाहेर काढता येईल, तीच कापड जपते. जिच्यातून ते फाटल्यावाचून सुटत नाही, ती चौकट कापडाचा नाशच करते.

आमच्या घरी कोंकणी बोलतात, आम्ही शिकवितो मराठीतून, आणि ज्या कशिद्याविषयी हे लिहीत आहोत त्याचे ‘कसुती’ हे नाव कानडी. ‘कै’ म्हणजे हात आणि ‘सुती’ म्हणजे सूत, अशी त्या नावाची फोड सांगतात. धारवाडपासून बेळगाव-निपाणीपर्यंतच्या घरांतून इरकली लुगड्यांवर तो भरला गेला, आणि भरणारीने आपली भाषा कोणती हे त्या कापडाला कधी सांगितले नाही. या कशिद्यात नक्षी आधी छापून घेत नाहीत. उभे-आडवे धागे मोजून टाका घालतात व गाठ मारीत नाहीत. गवंती आणि मुर्गी हे त्यातील दोन टाके असे की, कापडाची सुलटी व उलटी बाजू सारखीच दिसते. आता विचार करा, ज्या कलेत उलटी बाजूही सुलटीइतकीच निर्मळ ठेवण्यासाठी डोळे शिणविले, तिची ती बाजू सरसाने माखून टाकणे यास काय म्हणावे?

तर मग योग्य रीत कोणती? प्रथम कापड धुण्याची घाई करू नये. ओल्या पांढऱ्या चिंधीने प्रत्येक रंगाचा धागा उलट्या बाजूने हलकेच टिपून पाहावा. चिंधीस रंग लागला तर ते कापड धुवावयाचे नाही, केवळ मऊ कुंचल्याने धूळ झटकावयाची. रंग पक्का ठरला व कापडात जीव असला तरच स्वच्छ गार पाण्यात सौम्य साबणाने बुडवून काढावे. पिळू नये. पंचावर सपाट पसरून सावलीत वाळवावे. इस्त्री करणे अगदी आवश्यक असेल तर जाड टॉवेलावर कापड पालथे घालून करावी, म्हणजे टाक्यांचा उठाव दबत नाही.

दुसरी गोष्ट पुठ्ठ्याची. साध्या पुठ्ठ्यात आम्ल असते. काही वर्षांत ते कापडात उतरते आणि त्याचेच पिवळे-तपकिरी डाग पडतात. आम्लरहित पुठ्ठा मोठ्या शहरांत मिळतो व टपालानेही मागविता येतो. त्यावर, खळ पूर्ण निघेपर्यंत धुतलेला कोरा मांजरपाट ताणून बसवावा. मग कशिद्याचे कापड त्यावर ठेवून, त्याचे उभे-आडवे धागे पुठ्ठ्याच्या कडांशी समांतर आहेत हे पाहून, कडेने टाचण्या लावाव्यात. टाचण्या गंजणाऱ्या नसाव्यात. कापडाच्या कडा मागे दुमडून, मजबूत सुती दोऱ्याने या कडेपासून त्या कडेपर्यंत, खाटेची नवार आवळावी तसे टाके घालीत जावे. सुरुवात मधून करावी व दोहों बाजूंस सरकावे, म्हणजे ताण सारखा बसतो. कापड जीर्ण असेल तर त्यास ताण मुळीच देऊ नये. बारीक सुईने व रेशमी धाग्याने ते मांजरपाटावर जागोजागी अलगद टाचावे. कडेचे जास्तीचे कापड कापू नये. आज ते निरुपयोगी दिसते, पण उद्या तेच धरावयास उपयोगी पडते. दोरा कापला की सारे मोकळे होते. डिंकाचे तसे नाही.

तिसरी गोष्ट काचेची. काच कापडास टेकता कामा नये. बेळगावात पावसाळ्याचे चार महिने भिंतींना ओल असते. हवेतील दमटपणा काचेच्या आतून धरतो व टेकलेल्या कापडावर बुरशी येते. म्हणून काच आणि कापड यांमध्ये पुठ्ठ्याची पट्टी घालून अंतर ठेवावे. चौकटीच्या मागे, खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की भिंत व चौकट यांमधून हवा खेळते. देवघराच्या धुरापासून व खिडकीच्या उन्हापासून ती दूर टांगावी. उन्हाने उडालेला रंग परत येत नाही. संग्रहालयांत जुन्या कापडांवरील उजेड सुमारे ५० लक्स इतका मंद ठेवतात. आपल्या घरी खिडकीजवळ भर दिवसा त्याच्या कित्येक पट उजेड पडतो.

यावर कोणी म्हणेल, “मास्तर, आमच्या आजीच्या तुकड्यासाठी एवढा खटाटोप कशाला? ते काय राजवाड्यातले वस्त्र आहे?” त्यांस आम्ही पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाकडे बोट दाखवू. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, फण्या, भांडी, वस्त्रे अशा घरगुती वस्तूच जमविल्या, बालवयात गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहास दिले आणि १९७५ साली तो सारा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. घरातील वस्तू घरच्यांनी टाकून दिल्यामुळे नाहीशा होतात, हे त्यांनी वेळीच ओळखले होते.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. वस्त्र हे नेसण्यासाठी, वाकळ ही पांघरण्यासाठी; ती भिंतीवर कशाला? हे आम्हांस मान्य आहे. निपाणीकडे तंबाखूच्या वखारीत दिवसभर राबून रात्री जुन्या लुगड्यांची वाकळ शिवणाऱ्या माउलीने ती मुलांच्या उबेसाठी शिवली, शोभेसाठी नव्हे. ती वाकळ जरूर पांघरावी. चौकटीच्या मोहाने धडक्या लुगड्याचा पदर कापणे हा तर गुन्हाच समजावा. जे वापरण्यापलीकडे गेले आहे व टाकावयाचे जिवावर येते, तेवढेच चौकटीत जावे. मोठे वस्त्र स्वच्छ सुती कापडासह नळीवर सैल गुंडाळून ठेवावे, म्हणजे घडीवर विरत नाही. कसर लागली आहे काय हे वर्षातून दोनदा उलगडून पाहावे.

आणखी एक गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. फ्रान्समधील बायो येथील अकराव्या शतकातील भरतकामाचा पट सुमारे ७० मीटर लांब आहे. नऊशेहून अधिक वर्षे तो टिकला. परंतु तो भरणाऱ्या हातांपैकी एकाचेही नाव आज जगाला ठाऊक नाही. आपल्या घरी तरी असे होऊ नये. आम्लरहित कागदावर पेन्सिलीने भरणारीचे नाव, तिचे माहेर व सासर, अंदाजे साल व कापड कोणाकडून आले हे लिहून तो कागद चौकटीच्या मागे ठेवावा. ज्या मुलीने तो तुकडा आणला होता, तिला आम्ही पणजीचे नाव विचारले. तिला ते सांगता आले नाही. तिच्या आजीने मात्र नाव सांगितले, आणि सांगताना त्या वृद्धेचा कंठ दाटून आला.

तो तुकडा आता चिकटलेल्या पुठ्ठ्यासह सपाट पेटीत, धुतलेल्या मलमलीवर ठेवला आहे. जाणत्या माणसाच्या हाती पडेपर्यंत त्यास आम्ही हात लावणार नाही. विद्यार्थिमित्रहो, तुमच्याही घरच्या पेटीत असे काही असेल. या सुटीत ते उघडून पाहा. ते कोणी भरले हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारा आणि लिहून ठेवा. चौकट करावयाची झाल्यास दुकानदारास एवढे निक्षून सांगा की, डिंक नको, टाके घाला. त्यास ते जमत नसेल तर सुई आपल्या हाती घ्या. आपल्या घरात ती पूर्वीपासून आहेच.