चेहरा बोलत नाही तेव्हा

११ एप्रिल हा जागतिक पार्किन्सन्स दिन. १८१७ मध्ये या आजारावर पहिला सविस्तर निबंध लिहिणारे लंडनचे डॉ. जेम्स पार्किन्सन यांचा हा जन्मदिवस. हात थरथरतात, चाल मंदावते, हे बहुतेकांना ठाऊक असते. चेहऱ्याविषयी मात्र फारसे कुणी बोलत नाही. चेहऱ्याचे स्नायू आखडतात, पापण्या कमी लवतात, आवाज खोल जातो. नातवाचे कौतुक मनात मावत नसले तरी चेहऱ्यावरची रेषा हलत नाही; घरच्यांना वाटते, बाबा रुसलेत. खरोखरीची उदासीही अशीच नजरेतून सुटते, आणि नैराश्य तर या आजाराची नेहमीची सोबत.

पुण्याजवळच्या चाकणमधल्या घरांना यावरचा एक उपाय परका वाटू नये. तिथल्या कारखान्यांत यंत्राच्या माथ्यावर लाल, पिवळा, हिरवा दिवा असतो. लाइनवरचा कामगार अडला की दोरी ओढतो किंवा बटण दाबतो, ‘अँडॉन’ नावाचा मदतीच्या हाकेचा दिवा लागतो, टीम लीडर जागेवर येतो. आधी काही समजावून सांगावे लागत नाही. हीच सोय घरातल्या आजारी माणसाला का नसावी?

फ्रिजवर तीन रंगांच्या पट्ट्या लावाव्यात आणि थरथरत्या बोटांना सरकवता येईल असे एक मोठे चुंबक. रंगांचा अर्थ आजारी माणसानेच ठरवायचा. एखाद्याचा लाल म्हणजे ‘काही विचारू नका, नुसते शेजारी बसा’. दुसऱ्याचा, ‘भीती वाटतेय’. लाल दिसूनही कुणी फिरकले नाही, तर ते चुंबक पुन्हा हलणार नाही.

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. शुभंकरालाही चुंबक हवे. रात्रपाळी करून आलेला मुलगा, गोळ्या-अंघोळ-जेवण यांत वर्षे घालवलेली पत्नी, यांचेही दिवस लाल असतात आणि ते बोलून दाखवायची त्यांना चोरी वाटते.

या आजारात काहींना रंगांतला फरकही नीट कळत नाही. म्हणून रंग ठसठशीत हवेत आणि त्यांच्या जागा ठरलेल्या: लाल कायम वर. शिवाय या आजारावरच्या लेव्होडोपाच्या गोळीचा असर उतरला की आत्ता चालता-बोलता असलेला माणूस जागीच खिळू शकतो. सकाळचा हिरवा दुपारपर्यंत टिकेलच असे नाही. प्रत्येक गोळीच्या वेळी रंग पाहून कॅलेंडरवर टिपावा आणि पुढच्या तपासणीला ते पान डॉक्टरांपुढे ठेवावे.