सावली ही चैन नव्हे!

दर उन्हाळ्यात आपल्या शहरात उपदेशांचे पीक येते. दुपारी घराबाहेर पडू नका, डोके झाका, पाणी प्या! उपदेश हिताचा आहे, यात शंका नाही. पण तो पाळावयाचा कोणी? ज्याला दुपारी घरात बसण्याची सोय आहे, त्याने! रस्त्यावर डांबर ओतणारा मजूर, चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस, पदपथावर भाजीची पाटी मांडून बसलेली बाई यांनी घरात बसावयाचे ठरविले, तर त्यांची चूल कशी पेटावयाची? उन्हापासून रक्षण हा ज्याच्या त्याच्या शहाणपणाचा प्रश्न नाही. तो नगरव्यवस्थेचा प्रश्न आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उन्हाने माणूस भोवळ येऊन पडतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच उन्हातील अतिनील किरणांनी कातडीची वर्षानुवर्षे हानी होते आणि त्यातून कर्करोग उद्भवू शकतो, असे सांगितले की लोक हसतात. ‘तो गोऱ्या माणसांचा रोग!’ हे उत्तर ठरलेले. ते अर्धेच खरे आहे. आपल्या त्वचेतील रंगद्रव्य हे निसर्गाने दिलेले छत्र असून त्यामुळे हा रोग आपल्याकडे पुष्कळच कमी आढळतो. पण कमी म्हणजे मुळीच नाही, असे नव्हे! मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. खानोलकर यांनी १९४५ साली, धोतर घट्ट कसण्याने कमरेवर होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन केले होते. त्याचे कारण ऊन नव्हते, हे खरे. पण आपली कातडी या रोगापासून मुक्त नाही, हे तेव्हाच दिसून आले.

शिवाय जन्मतःच ज्यांच्या त्वचेत रंगद्रव्य नसते, अशी माणसे आपल्याच आळीत आणि आपल्याच शाळांत आहेत. त्यांच्या अंगावर निसर्गाचे हे छत्र नाही. अशा मुलाला प्रार्थनेसाठी व कवायतीसाठी उघड्या पटांगणात उभे करणे, ही शिस्त नव्हे. तो अपराध आहे. आणि ‘आपल्याला हा रोग होतच नाही’ या भ्रमापायी न भरणारा व्रण, आकार बदलणारा तीळ किंवा तळपायावरचा काळा डाग महिनोन्‌महिने दुर्लक्षिला जातो. तळपायावरच्या डागाचा उन्हाशी संबंध नसतो. पण तो उशिरा ओळखला जातो, तो याच भ्रमामुळे.

ज्या ऑस्ट्रेलियात या रोगाने कहर केला, त्या देशाने काय केले ते पाहावे. १९८१ साली तेथे एका नाचणाऱ्या सीगल पक्ष्याच्या चित्रफितीतून अंगात सदरा, त्वचेला मलम आणि डोक्यावर टोपी हा मंत्र घरोघर पोहोचविण्यात आला. पण तो देश मंत्रावर थांबला नाही. शाळांनी ‘टोपी नाही, तर उघड्यावर खेळ नाही’ असा दंडक घातला, क्रीडांगणांवर छपरे उभी राहिली. पुढे तेथील तरुण पिढीत या रोगाचे प्रमाण घटू लागले.

आणि आपण? १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे राज्य शासनाच्याच पुरस्कार सोहळ्यासाठी लाखो माणसे उघड्या मैदानात भर उन्हात बसली. त्यांपैकी चौदा जण उष्माघाताने मृत्युमुखी पडले. श्रद्धेने आलेल्या माणसांना सावलीचा एक तुकडाही देता येऊ नये, यासारखी नामुष्की दुसरी कोणती?

वास्तविक सावली ही या भूमीला नवी गोष्ट नाही. माणसांना व जनावरांना सावली मिळावी म्हणून रस्त्यांच्या कडेने वड लावल्याचे सम्राट अशोकाने स्तंभलेखात कोरून ठेवले आहे. पाणपोई घालणे हे पुण्यकर्म मानणाऱ्या समाजाला सावलीचे पुण्य कळू नये काय? आज मात्र रस्ता रुंद करावयाचा म्हटले की पहिली कुऱ्हाड वडावरच पडते!

आमच्या मागण्या अवास्तव नाहीत. प्रत्येक बस-थांब्यावर छप्पर असावे. उन्हाळ्यात शाळांची कवायत सकाळीच उरकावी आणि रुंद काठाची टोपी गणवेशाचा भाग व्हावी. नगरपालिकेच्या कंत्राटातच दुपारी बारा ते चार उघड्यावरचे काम बंद ठेवण्याची व मजुरांसाठी मांडव घालण्याची अट असावी. रंगद्रव्यहीन व्यक्तींना सरकारी दवाखान्यातून उन्हापासून रक्षण करणारे मलम विनामूल्य मिळावे आणि त्यांच्या त्वचेची दरवर्षी तपासणी व्हावी. यातील कोणत्या गोष्टीला उड्डाणपुलाइतका खर्च येतो?

ऊन सर्वांवर सारखेच पडते, असे म्हणतात. ते खरे नाही. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही, त्याच्यावरच ते पडते. हा अन्याय सूर्याचा नव्हे. आपला आहे, आणि म्हणूनच तो दूर करणे आपल्या हाती आहे.