‘अंदाजे’ म्हणजे किती?

‘चवीपुरतं मीठ’ ही पाककृतीतली सगळ्यात निरुपयोगी ओळ आहे. ज्याला अंदाज आहे त्याला ती वाचायची गरज नाही. ज्याला नाही, त्याच्या हाती तिच्यातून काही लागत नाही. तरी या मोघमपणाला आपण ‘हाताची चव’ म्हणून डोक्यावर घेऊन नाचतो आणि मोजून स्वयंपाक करणाऱ्याला हसतो.

अंदाज ही जादू नाही, तेही मोजमापच आहे. रव्याच्या लाडवांचा पाक करताना आजी अंगठा आणि तर्जनीत थेंब धरून तार बघते. ती तार म्हणजे तिचा थर्मामीटर. एकतारी पाक साधारण १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास होतो. त्याच्या फार पुढे गेलं की लाडू दगड, अलीकडेच थांबलं तर वळतच नाहीत. पन्नास दिवाळ्या ती हे मोजत आली आहे, फक्त कुठे नोंद नाही.

नोंद नसल्याची किंमत तीच मोजते. ‘तुझ्या हातची सर कशालाच नाही’ हे कौतुक गोड असतं, पण त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की अंगात ताप असला तरी ओट्यापाशी तीच उभी राहणार. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एखादी सिस्टीम एकाच माणसाला कळत असेल, तर त्याला धोका म्हणतात. त्याच्याकडून सगळं लिहून घेतात, म्हणजे तो निवांत रजेवर जाऊ शकतो. घरात मात्र अशा माणसाची आपण आरती करतो आणि रजा नाकारतो.

कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं. त्यातली वाटी-चमच्याची प्रमाणं हाताशी धरून, आई-सासूपासून लांब संसार मांडलेल्या कितीतरी जणी स्वयंपाक शिकल्या.

‘पण जिन्नस सारखे नसतात ना!’ बरोबर. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं. चमचाभर बारीक मीठ चमचाभर जाड्या मिठापेक्षा खारट लागतं, कारण चमच्यात ते जास्त मावतं. मग तेही लिहा. वजनात लिहा.

आणि स्वतःच्या मनाने करायचंच असेल, तर आधी चार-पाच वेळा तंतोतंत करा. आमटी दरवेळी तशीच झाली, की मग एकदा फक्त गूळ वाढवा. फरक कशाने पडला ते जिभेला कळेल. दरवेळी सगळंच बदललं, तर बिघडलं कशाने आणि जमलं कशाने, दोन्ही कळत नाही.

यंदा दिवाळीला घरी जाताना छोटा वजनकाटा न्या. आजीची मूठ कढईत पडण्याआधी काट्यावर घ्या. सगळे हसतील, हसू द्या. पुढच्या वर्षीचे लाडू तुम्ही करा, आणि तिला खुर्चीत बसून नावं ठेवू द्या.