न गळणाऱ्या घराची शाकारणी

दर आठवड्याला या पानावर आपण एखाद्या शब्दाची विचारपूस करतो. त्याचे गाव कोणते, गोत कोणते, तो कुणाच्या घरी नांदला आणि कुणाच्या घरून रुसून गेला, हे पाहतो. दिवाळी अंकात शब्दही सणासुदीचा असावा, अशी संपादकांची अपेक्षा असणार. पण यंदा आमच्या घरी एक इंग्रजी शब्द औषधांच्या पिशवीतून आला आणि पाहुण्यासारखा चार दिवस राहून न जाता घरजावयासारखा ठाण मांडून बसला. तो शब्द म्हणजे 'मेन्टेनन्स'. त्याला मराठी शब्द शोधता शोधता जे काही घडले, ते आज सांगतो.

आमचे अण्णा म्हणजे माझे चुलत बंधू. वय त्रेसष्ट. पावसच्या रस्त्याला त्यांची हापूसची बाग आहे आणि रत्नागिरीत आजोबांच्या वेळचे कौलारू घर आहे. दोन वर्षांपूर्वी आंब्याच्या हंगामात त्यांची पाठ दुखू लागली. पेट्या उचलून पाठ भरली, असे निदान घरातल्या प्रत्येकाने केले, मीही केले. तेल झाले, शेक झाला, कमरेला पट्टा झाला. चार महिने गेले. अण्णांना जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा एका तरुण डॉक्टरने रक्त तपासले. रक्त फार कमी झालेले, मूत्रपिंडे दमलेली. त्याने पाठीचा विचार सोडला आणि मुंबईची चिठ्ठी दिली. तिथे कमरेच्या हाडातून मज्जा काढून तपासली आणि नाव कळले: मल्टिपल मायलोमा.

आपल्या पूर्वजांनी शरीराचे सात धातू सांगितले, त्यांत मज्जा सहावी. हाडांच्या आत राहून ती रक्त तयार करते. तिच्यात प्लाझ्मा नावाच्या पेशी असतात. बाहेरून आलेल्या जंतूंशी लढणारी प्रथिने बनविणे हे त्यांचे काम. त्यांतली एखादी पेशी बिघडते, आपल्यासारख्याच हजारो पेशी जन्माला घालते आणि सगळ्या मिळून एकच निरुपयोगी प्रथिन रक्तात ओतू लागतात. चांगल्या रक्ताला जागा उरत नाही, हाडे आतून पोखरली जातात, मूत्रपिंडांवर ताण पडतो. कॅन्सरचाच हा एक प्रकार; पण गाठ दिसत नाही, म्हणून पाठदुखीच्या नावाखाली घरात बिनबोभाट राहतो. साठीच्या आसपासच्या माणसाची पाठ महिनोन्‌महिने दुखत असेल आणि त्याबरोबर रक्तही कमी होत असेल, तर केवळ तेल चोळीत बसू नये. हा धडा आम्ही चार महिन्यांच्या किमतीला विकत घेतला.

चार-पाच महिने इंजेक्शने आणि गोळ्या झाल्या. मग डॉक्टर म्हणाले, "आता ट्रान्सप्लांट करू." आम्हाला वाटले, मोठी शस्त्रक्रिया असणार, कुणीतरी मज्जा द्यावी लागणार. आपल्या देशात मज्जारोपणाचा आरंभ १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केला. लहानपणीच्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीवरून वावरणाऱ्या या डॉक्टरांनी त्या वेळी दुसऱ्याची मज्जा रोग्याला दिली होती. अण्णांच्या रोगात मात्र बहुधा रोग्याच्याच पेशी वापरतात. आधी इंजेक्शने देऊन मज्जेतल्या मूळ पेशी रक्तात उतरवितात आणि यंत्राने गोळा करून ठेवतात. नंतर मेल्फलान नावाचे जहाल औषध मोठ्या मात्रेत देतात. त्याने रोगाबरोबर मज्जाही जळते. मग राखून ठेवलेल्या पेशी, रक्ताची पिशवी चढवावी तशा, शिरेतून परत देतात. त्या आपल्या आपण हाडांत जाऊन रुजतात. सुऱ्या नाहीत, टाके नाहीत. मेल्फलान चालू असताना तोंड येऊ नये म्हणून अण्णांना बर्फाचे खडे चघळायला दिले होते. त्यानंतरचे दोन आठवडे मात्र फार वाईट गेले. केस गेले, अन्न जाईना, ताप आला. बरे वाटू लागल्यावर अण्णा म्हणाले, "अरे, हे आपलं कलमच की! फरक एवढाच, की खुंटही माझा आणि काडीही माझी."

काडी रुजली. तीन महिन्यांनी रक्त तपासले, तर त्या दुष्ट प्रथिनाचा मागमूस नव्हता. मांडवी एक्स्प्रेसने अण्णा रत्नागिरीस आले. वहिनींनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. शेजारीपाजारी येऊन "गंडांतर टळलं" म्हणून गेले. आणि दुसऱ्या दिवशी औषधांची पिशवी उघडली तर तीत नवी डबी: लेनालिडोमाईड. रोज रात्री एक कॅप्सूल, एकवीस दिवस घ्यायची, सात दिवस सुटी, पुन्हा एकवीस दिवस. जोडीला रक्त गोठू नये म्हणून ॲस्पिरिन. किती दिवस? डॉक्टरांनी लिहिले होते, मेन्टेनन्स. म्हणजे रोग दबलेला असेल आणि औषध सोसत असेल, तोवर.

इथे माझ्यातला मराठीचा प्राध्यापक जागा झाला. 'मेन्टेनन्स'ला मराठी शब्द कोणता? कॉलेजातल्या सहकाऱ्यांना विचारले. एकाने 'देखभाल' सुचविला. तो पंपाला आणि लिफ्टला लागू. दुसऱ्याने 'परिरक्षण' सांगितला; तो सरकारी कचेरीच्या पाटीवर शोभेल. कायद्याच्या पुस्तकात पाहिले, तर तिथे 'मेन्टेनन्स' म्हणजे पोटगी! हे अण्णांना सांगितले, तेव्हा ते हसून म्हणाले, "म्हणजे रोगाने दिली सोडचिठ्ठी, आणि पोटगी मी भरायची!"

आम्ही सगळे हसलो. त्या हसण्याखाली काय होते, ते मेच्या अखेरीस कळले.

कालनिर्णयवर वहिनी रोजच्या कॅप्सूलची खूण करीत. एके दिवशी डबी आवरताना त्यांना दिसले, की कॅलेंडरवर खुणा आहेत आणि डबीत कॅप्सूलही आहेत. अण्णा रात्री "घेतली" म्हणत आणि परत ठेवून देत. हे सहा आठवडे चालले होते. वहिनींनी मला बोलावून घेतले. मी गेलो, तर अंगणात दोन गडी, शिडी आणि नव्या कौलांचा ढीग. घराची शाकारणी चालू होती. छपरावर चढलेला गडी कौले उतरवून पाचोळा झाडीत होता, वानरांनी फोडलेली कौले खाली देत होता, कुठे रीप वाळवीने खाल्ली आहे ते ठोकून बघत होता. अण्णा खुर्चीवर बसून लक्ष ठेवीत होते.

"अण्णा, औषध का सोडलंत?" मी विचारले.

"मला काय झालंय आता? रिपोर्ट स्वच्छ आहे. भूक लागते, बागेत जाऊन येतो. त्या कॅप्सूलने मात्र पोट बिघडतं, अंगात जीव राहत नाही. धडधाकट माणसाने रोज रात्री आजारी असल्याची आठवण कशाला गिळायची?"

वहिनी मधल्या दारात उभ्या होत्या. त्या एरवी अण्णांपुढे फारशा बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "घर गळतंय का आत्ता?"

"छे! टळटळीत ऊन पडलंय."

"मग गडी कशाला चढवलेत वर?"

वर्षभर मी कोशांत शोधीत असलेला शब्द त्या घराच्या छपरावर होता! कोकणात घर गळू लागल्यावर शाकारीत नाहीत. गळू नये म्हणून, लख्ख उन्हात, दर वर्षी शाकारतात. त्या कामाचे यश असे, की काहीच घडत नाही. पाऊस कोसळतो आणि माणसे कोरडी झोपतात. न पडलेल्या थेंबाचे श्रेय गड्याला कोणी देत नाही.

अण्णा गप्प झाले, पण हरले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "पाऊस सात जूनच्या आगेमागे येणार, हे मला ठाऊक आहे. याचा पाऊस केव्हा येणार, येणार की नाही, हे कोण सांगतो?"

प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. चार दिवसांनी आम्ही गाडीने पनवेलला उतरलो आणि डॉक्टरांपुढे जाऊन बसलो. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारले, "पोटामुळेच सोडलंत, की आणखी काही आहे?" अण्णा बराच वेळ टेबलाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सून बाळंतपणाला आमच्याकडे आली आहे. हे औषध कोणत्या घराण्यातलं, ते मी वाचलंय. तिच्या वाऱ्याला ते नको."

औषधांनाही घराणे असते. लेनालिडोमाईड हे थॅलिडोमाईडचे अपत्य. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाईड झोपेचे निर्धोक औषध म्हणून विकले जाऊ लागले. गरोदर स्त्रिया ओकाऱ्यांवर ते घेऊ लागल्या आणि हातपाय अर्धवट वाढलेली मुले जन्मास आली. जगभर मिळून दहा हजारांहून अधिक, असा अंदाज आहे. १९६१च्या अखेरीस ते बाजारातून काढले गेले. अमेरिकेत ते तेव्हा विक्रीला आलेच नाही, कारण फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी परवानगीच्या कागदावर सही करण्यास ठाम नकार दिला. पण कहाणी तिथे संपली नाही. १९६४ साली जेरुसलेममध्ये डॉ. शेस्किन यांनी ते एका कुष्ठरोग्याला झोपेसाठी दिले, तर त्याच्या अंगावरच्या वेदनामय गाठी ओसरल्या. पुढे १९९७ साली अमेरिकेत मायलोमाने आजारी असलेल्या एका तरुण डॉक्टरच्या पत्नीने जंग जंग पछाडून हे औषध आपल्या नवऱ्याला देववले. तो वाचला नाही. पण नंतर ज्यांना ते दिले त्यांच्यापैकी काहींना गुण आला, आणि १९९९ साली सीमा सिंघल व सहकाऱ्यांनी सर्व उपाय थकलेल्या चौऱ्याऐंशी रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. जवळजवळ एक तृतीयांश रोग्यांत रोग मागे हटला होता. त्याच मुशीतून पुढे लेनालिडोमाईड घडले.

डॉक्टर म्हणाले, "तुमची भीती खोटी नाही. गर्भवतीने या कॅप्सूलला हातसुद्धा लावता कामा नये. कॅप्सूल फोडायची नाही, उरलेली इकडेतिकडे टाकायची नाही, परत आणून द्यायची. डबी कुलपात ठेवा. पण सून त्याच घरात राहिली, तुमच्या पंक्तीला जेवली, म्हणून काही बिघडत नाही. हे तुम्ही पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं."

मग अण्णांनी पावसाचा प्रश्न विचारला. डॉक्टरांनी आकडे सांगितले. ट्रान्सप्लांटनंतर हे औषध घेणारे आणि न घेणारे, अशा १२०८ रोग्यांचा एकत्र हिशेब २०१७ साली प्रसिद्ध झाला. न घेणाऱ्यांपैकी निम्म्यांचा रोग साडेतेवीस महिन्यांच्या आत उलटला होता. घेणाऱ्यांत निम्म्यांचा उलटायला सुमारे त्रेपन्न महिने लागले. "म्हणजे रोग बहुधा परत येतो. औषध त्याला लांबवतं. कुणाला किती, ते आधी सांगता येत नाही. याची दुसरी बाजूही ऐका. पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून नियमाने रक्त तपासायचं. पायात गुठळी होऊ शकते, म्हणून ॲस्पिरिन. दुसरा एखादा कॅन्सर होण्याचा धोकाही थोडा वाढतो. हे सगळं धरूनही वजन घेण्याच्या बाजूला पडतं."

अण्णांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे अडीच वर्षं. तीन पावसाळे धरा."

"सरासरीने."

"घेतो," अण्णा म्हणाले.

सुदैवाने त्या सहा आठवड्यांत प्रथिनाने डोके वर काढलेले नव्हते. डॉक्टरांनी मात्रा कमी केली, पोटासाठी वेगळी गोळी दिली. जे सोसत नव्हते, ते सोसण्याजोगे करता येत होते. फक्त सांगायला हवे होते. माझी वाचकांना एवढीच विनंती आहे. तुमच्या घरात असे कुणी असेल, तर "घेतलीस का?" एवढेच विचारू नका, "घ्यावीशी का वाटत नाही?" हेही विचारा. औषध गुपचूप सोडणाऱ्या माणसाकडे बहुधा एक कारण सांगण्यासारखे असते आणि एक मनात ठेवलेले असते. खर्चाचे कारण असेल, तर तेही बोला. अमेरिकेत ज्या एका कॅप्सूलला शेकडो डॉलर पडत, तेच औषध आपल्याकडे भारतीय कारखान्यांत तयार होऊन त्या मानाने फार थोड्या पैशांत मिळते.

ज्यांचा रोग कसोशीने शोधूनही सापडत नाही, त्यांना हे औषध कधीतरी थांबविता येईल काय, याचे प्रयोग जगात चालू आहेत. ते लागू पडतील तेव्हा पडतील. तोवर अण्णांच्या घरी एकवीस दिवसांचा नेम चालू आहे. डबी वरच्या कपाटात कुलपात असते आणि किल्ली वहिनींच्या कमरेला. कालनिर्णयवरची खूण आता अण्णा स्वतः करतात.

भाद्रपदात नात झाली. दोन्ही हात, दोन्ही पाय, वीस बोटे. अण्णांनी ती स्वतः मोजली, असे वहिनी सांगतात. यंदा नरकचतुर्दशीला पहाटे अण्णा तुळशीपाशी अंगठ्याने कारीट फोडतील आणि त्याचा कडू थेंब जिभेला लावतील. नरकासुर कधीचा मेला. तरी कोकणात आपण दर वर्षी तो कडूपणा चाखल्याखेरीज फराळाला बसत नाही. आणि मेमध्ये पुन्हा गडी छपरावर चढतील.