उचल दिली म्हणजे बाई विकत घेतली नाही

संकेश्वरात आणि आसपासच्या खेड्यांतून येऊन धुणीभांडी करणाऱ्या बायांनो, आणि त्यांना कामाला ठेवणाऱ्या घरमालकांनो,

जून 2023 पासून कर्नाटकातल्या बाईला राज्याच्या साध्या सरकारी बसला पैसे पडत नाहीत. तेव्हापासून एक रडगाणं ऐकू येतं: बस फुकट झाली आणि कामवाल्या डोक्यावर बसल्या. जरा बोललं की निपाणीला जाते म्हणतात, बेळगावला जाते म्हणतात. जाऊ द्या की! इथं पगार धड असता तर गेली असती कशाला?

बाईनं घर सोडू नये ही हौस जुनीच. पेशवाईत कुणबिणी विकत घेतल्या जात. दळणकांडण, शेणगोठा त्यांच्या गळ्यात. पळाली तर शोधून पुन्हा धन्याच्या हवाली. गुलामीची कायदेशीर मान्यता 1843 साली गेली. आता उचल आहे. पोराच्या दवाखान्याला पाच-दहा हजार द्यायचे, महिन्याला थोडे कापायचे आणि वर दम भरायचा, ‘फिटेपर्यंत दुसरं घर धरायचं नाही.’ उचलीपायी बाईची दुसरीकडे काम करायची मोकळीक काढून घेणं म्हणजे वेठबिगारी, आणि ती 1976 च्या कायद्यानं बंद केलेली आहे. अशी उचल कुणी उपकार म्हणून सांगू नये.

स्वयंपाकघरातलं कॅलेंडर बघा. बाई आली नाही की त्या तारखेवर फुली. महिनाअखेरीला फुल्या मोजून खाडे कापले जातात. पाहुणे आले म्हणून रात्री आठपर्यंत घासलेल्या भांड्यांची खूण मात्र कुठल्याच चौकोनात नसते. तरी म्हणायचं, ‘तू आमच्या घरचीच.’ मग घरचीचा कप खिडकीत वेगळा का?

कर्नाटकानं 2004 साली घरकामाला किमान वेतन लागू केलं. संकेश्वरात तो दर किती घरांनी विचारला? पुण्याच्या मोलकरणींनी 1980 साली संप केला, आणि त्याच सुमाराला निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या बायांनी संघटना बांधली. निपाणी काही लांब नाही, आणि तिकिटाला पैसेही पडत नाहीत.

तेव्हा अक्कांनो, खाड्याचं कॅलेंडर आपल्याही घरी लावा. जादा कामाची खूण त्यावर करा. उचलीची चिठ्ठी मागा, किती फिटली ते दर महिन्याला लिहून घ्या. आठवड्याची सुट्टी पगारी हवी, असं येत्या एक तारखेला पगार घेतानाच सांगा. एकटीनं नको, गल्लीतल्या सगळ्या मिळून.