लिहिलंय, पण सापडत नाही

"काय गं माय, तू म्हणालीस आता आपला अंक कुठूनही वाचता येतो. मग नातू अर्धा तास शोधतोय, सापडत का नाही?"

काकांचा फोन डिसेंबरात आला. काका आमच्या वस्तीतले, निवृत्त प्राथमिक शिक्षक. ऐंशीच्या दशकात नांदेड जिल्ह्यात काही मित्रांनी मिळून एक अनियतकालिक चालवलं होतं, त्याच्या संपादकांपैकी ते एक. नामांतराच्या काळात कुठल्या गावात काय घडलं, कुणाची घरं जळाली, कोण गाव सोडून गेलं, पंचनाम्यात काय लिहिलं आणि काय गाळलं, हे सगळं त्यात आहे. हैदराबादला पीएच.डी. करता करता मी आणि माझ्या दोन मैत्रिणींनी सुट्ट्यांत बसून त्या अंकांतले ६३ लेख एका संकेतस्थळावर ठेवले होते.

मी स्वतः शोधून पाहिलं. एका लेखाचं पूर्ण शीर्षक अवतरणचिन्हांत टाकलं, काही नाही. काकांचं नाव टाकलं तर जिल्हा परिषदेची शिक्षकांची एक जुनी यादी आली. जळालेल्या वस्तीच्या गावाचं नाव टाकलं तर तिथलं हवामान, पिनकोड आणि प्लॉटच्या जाहिराती.

माझी पहिली प्रतिक्रिया तुमच्यापैकी अनेकांची झाली असती तीच. १९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे मोजायची तयारी असूनही 'केसरी'ने छापली नव्हती, ही गोष्ट आपल्याला पाठ असते. शंभर वर्षांनी दारवान तेवढा बदलला, असं मनाशी म्हणत मी रागाने अर्धा लेख लिहूनही टाकला. त्यात सफिया उमोजा नोबल यांचं २०१८चं 'अल्गोरिदम्स ऑफ ऑप्रेशन' आलं, सामाजिक भांडवल आलं. नोबल यांनी मांडलंय ते बरोबरच आहे. पण आमच्या ६३ लेखांचं कारण वेगळं होतं. संकेतस्थळ उभं करत असताना अर्धवट काम लोकांना दिसू नये म्हणून आमच्यापैकी एकीने सेटिंग्जमध्ये 'शोधयंत्रांनी नोंद घेऊ नये' या चौकोनात बरोबरची खूण केली होती. ती काढायची राहून गेली. ११ महिने आमच्याच दाराला आतून कडी होती, आणि मी बाहेरच्यांच्या नावाने लेख लिहीत होते.

तो लेख मी फाडला. त्याऐवजी हा लिहितेय, कारण त्यानंतर चळवळीतल्या ओळखीच्या चार-पाच संकेतस्थळांवर डोकावले तर जवळजवळ प्रत्येक ठिकाणी काही ना काही असंच निघालं.

शोधयंत्राचं काम ढोबळमानाने असं चालतं. त्याचा क्रॉलर दुव्यांवरून एका पानावरून दुसऱ्या पानावर जातो, पान वाचतो, ठेवण्याजोगं वाटलं तर सूचीत नोंदवतो. आपण शोधतो तेव्हा उत्तर त्या सूचीतून येतं. म्हणजे पान सूचीत नसेल तर ते कितव्या क्रमांकावर येईल हा प्रश्नच उद्भवत नाही. आत आहे की नाही हे कळायला गूगलचं सर्च कन्सोल फुकट आहे. संकेतस्थळ आपलं असल्याचं सिद्ध केलं की एकेका पानाचा पत्ता टाकून तपासता येतो आणि बऱ्याचदा कारणही दिसतं. बिंगचंही असंच साधन आहे, आणि तिकडे दुर्लक्ष करू नये, कारण डकडकगोचे निकाल बरेचसे बिंगकडूनच येतात.

आमच्यासारखी खूण वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जच्या 'रीडिंग' भागात असते. ती केली की पानावर नोइंडेक्स अशी सूचना बसते: ये, वाच, पण नोंद करू नको. रोबोट्स डॉट टीएक्सटी ही फाइल वेगळी. ती म्हणते, इकडे येऊच नको. लोक 'डबल सुरक्षा' म्हणून दोन्ही लावतात आणि उलटाच घोळ होतो: क्रॉलर आत येतच नाही, म्हणून नोइंडेक्स वाचत नाही, आणि पानाचा नुसता पत्ता सूचीत जाऊ शकतो. एका ठिकाणी तर स्वस्तातल्या होस्टिंगचं सुरक्षा कवच हल्लेखोर समजून क्रॉलरलाच हाकलत होतं. माणसाला पान उघडत होतं, म्हणून कुणाला शंका आली नाही.

पण आपला खरा खजिना अडकलाय तो फाँटांत. युनिकोड रुळण्याआधीचं चळवळीचं कितीतरी मराठी श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फाँटांत टाइप झालंय. स्मरणिका, परिषदांचे अहवाल, दिवाळी अंकाला पर्याय म्हणून काढलेले विशेषांक, पुण्यतिथीच्या पुस्तिका. या फाँटांत पडद्यावर मराठी दिसतं, आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. पीडीएफ केली तरी तेच. आपल्याला 'धर्मांतर' दिसतं, यंत्राला भलतंच काहीतरी. तपासायची सोपी युक्ती आहे: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी उमटलं तर ठीक. कचरा उमटला तर शोधयंत्रालाही तोच कचरा मिळतोय. फाँट बदलून देणारी साधनं आहेत, पण वेलांटी आणि रफार हमखास घसरतात. वाचून दुरुस्त करणारा माणूस लागतोच. पानांचे फोटो काढून चढवले असतील तर त्यातला मजकूर कधी ओळखला जातो, कधी नाही. त्या भरवशावर राहू नये.

युनिकोडमध्येही मराठीचे आपले खेळ आहेत. 'पँथर' आणि 'पॅंथर' वाचायला एकच, पण आतले संकेत वेगळे. 'दुसऱ्या'मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो आणि डोळ्याला फरक कळत नाही. शोधयंत्र काही वेळा हे सांधून घेतं, काही वेळा नाही. काकांच्या एकाच अंकात 'पँथर' तीन प्रकारे आहे. मूळ लेखाला आम्ही हात लावला नाही. वर दोन ओळींचा परिचय दिला आणि त्यात गावाचं, तालुक्याचं, माणसांचं नाव आजच्या रूढ लेखनात घातलं.

एवढं सगळं केल्यावर सहा आठवड्यांनी ६३पैकी ३८ पानं सूचीत आली. उरलेल्या २५पुढे एकच शेरा: 'क्रॉल्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड'. वाचलं, तूर्तास नोंदवलं नाही. नोंद करण्याची विनंती पुन्हा पुन्हा पाठवून काही होत नाही. प्रत्येक पान नोंदवूच असं वचन कुठलंच शोधयंत्र देत नाही, आणि नेमकं कारणही सांगत नाही.

समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला बोलायचंय ते इथून पुढे. सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ साली पेजरँकची कल्पना मांडली तेव्हा तिचं मूळ होतं संशोधनातल्या संदर्भांत: ज्याचा उल्लेख इतर करतात, आणि तेही वजनदार लोक करतात, तो महत्त्वाचा. आज शोधयंत्रं आणखी पुष्कळ गोष्टी पाहतात, पण पान सापडायला आणि त्याला वजन यायला बाहेरून आलेले दुवे आजही लागतात. आता विद्यापीठात कोण कुणाचे संदर्भ देतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. ज्याच्याकडे मान आहे त्याच्याकडेच आणखी मान जातो, हे रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ साली विज्ञानाच्या क्षेत्राबद्दल लिहिलं होतं. आपल्याकडे त्यात जात मिसळली की काय होतं ते आपण रोज बघतो. इथे कुणी मुद्दाम दार लावायची गरजच उरत नाही.

आमच्या संकेतस्थळाकडे बाहेरून येणारे दुवे मोजले. एक. तोही एका मैत्रिणीने दिलेला. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आमचे लेख कितीतरी व्हॉट्सॲप ग्रुपांत फिरतात, लोक वाचतात, आवाजी संदेश पाठवून भांडतात. पण त्या ग्रुपांत क्रॉलरला प्रवेश नाही. आपलं सगळ्यात जिवंत वाचन अशा बंद खोल्यांत चालतं आणि बाहेर त्याची खूण राहत नाही. उद्या गावात काही घडतं, वर्तमानपत्रं 'दोन गटांत वाद' असा मथळा देतात, एकमेकांचे दुवे देतात. दहा वर्षांनी कुणी शोधलं तर 'दोन गट'च सापडतील. वस्तीतून लिहिलेली हकीकत कुणाच्या तरी जुन्या फोनमध्ये असेल.

हे लिहिताना मी माझाच गेल्या वर्षीचा शोधनिबंध उघडला. संदर्भसूचीत ४७ नोंदी. चळवळीच्या नियतकालिकांच्या दोन, आणि दोन्हींचे वेबपत्ते दिलेले नाहीत, असून. काकांच्या अंकातला उतारा मी वापरलाय, तर तो कुठे वाचता येईल हे सांगायला जागा नव्हती का? होती. परदेशी जर्नलांचे लांबलचक पत्ते त्याच पानावर आहेत. आपण संशोधक या लेखनाला विदा समजतो, विद्वत्ता समजत नाही. दुवा विद्वत्तेला द्यायचा असतो.

म्हणून मागणी साधी आहे आणि आधी आपल्याच लोकांकडे आहे. या पोर्टलसकट प्रत्येक आंबेडकरी संकेतस्थळाने इतरांच्या लेखांचे दुवे मजकुरात द्यावेत, नुसतं 'साभार' लिहून थांबू नये. विद्यापीठांतल्या आंबेडकर अध्ययन केंद्रांनी छोट्या अनियतकालिकांच्या अशा संग्रहांची यादी आपल्या पानावर ठेवावी. त्याला अनुदान लागत नाही. आपले जुने लेखही नव्या लेखांतून जोडावेत. आमच्या त्या २५पैकी १९ लेखांकडे आमच्याच दुसऱ्या कुठल्या पानावरून वाट नव्हती.

एक पान मात्र आम्ही नोइंडेक्सच ठेवलंय, या वेळी समजून उमजून. त्या बाईंनी आपली हकीकत दिली तेव्हा म्हणाल्या, "लोकांनी वाचावं. पण ऑफिसात कुणी माझं नाव टाकलं तर हे वर यायला नको." त्यांच्या ऑफिसात त्यांची जात कुणाला ठाऊक नाही. नोइंडेक्स ही शेवटी विनंतीच असते, सगळे क्रॉलर ती पाळतातच असं नाही, म्हणून आम्ही त्यांचं नाव आणि गावही बदललं. सगळं सगळ्यांना सापडावं असं म्हणणाऱ्यांना बहुधा सापडले जाण्याची भीती नसते.

फेब्रुवारीत काकांच्या नातवाला लेख सापडला. संध्याकाळी काकांचा फोन आला. मला वाटलं, खूश असतील.

"माय, तिसऱ्या परिच्छेदात गावाचं नाव चुकलंय. त्या गावात काही झालंच नव्हतं. ते आधी दुरुस्त कर, लोक वाचायलेत आता."