एका कानाची कॅसेट, दोन कानांचे गाणे

मोर्शी तालुक्यातून एका वाचक भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. त्यांचे वडील गावच्या गुरुदेव सेवा मंडळात खंजिरीवर भजने म्हणत. १९८६ साली एका कार्यक्रमात कोणीतरी टेपरेकॉर्डर ठेवला आणि एक कॅसेट भरली. वडील गेले, कॅसेट राहिली. यंदा उन्हाळ्यात भाचा पुण्याहून आला. त्याने ती कॅसेट दुकानातून संगणकावर चढवून घेतली आणि मोबाईलवर काही करून तिचे ‘स्टिरिओ’ केले. आता कानाला नळ्या लावल्या की पेटी डावीकडे वाजते, खंजिरी उजवीकडे आणि वडिलांचा आवाज बरोबर मधोमध. खरखर नाही, मागचा गलका नाही. धाकटे बंधू खूश आहेत. भगिनी मात्र लिहितात, “खंजिरीच्या चकत्या वाजल्यासारख्या वाटतच नाहीत. बाबा मधूनमधून विहिरीत उतरून म्हणतात की काय, असे होते. पण घरात मीच तेवढी जुन्या वळणाची ठरले आहे. भाऊ म्हणतो, आता ती कॅसेट ठेवून काय करायचे? तुम्ही सांगा.”

ताई, निकाल आधीच देऊन टाकतो. कॅसेट टाकू नका. आणि तुमच्या कानाने सांगितले ते बरोबर आहे. भाच्यालाही रागावू नका, कारण त्याने जे केले तेच आज जगातल्या मोठमोठ्या कंपन्या करीत आहेत. फक्त ते काय आहे, हे नीट समजून घ्यायला हवे.

रात्री जागलीला मचाणावर बसलेल्या माणसाला डुक्कर कोणत्या बाजूने कपाशीत शिरले, ते अंधारातही कळते. कारण आवाज डाव्या बाजूचा असेल तर तो डाव्या कानाला आधी पोचतो आणि थोडा मोठाही लागतो. उजव्याला किंचित उशिरा. एवढ्याशा फरकावरून डोके दिशा ठरवते. जुन्या ध्वनिमुद्रणात हा फरक साठवायची सोयच नव्हती. सगळा आवाज एकाच धाग्यात ओवला जायचा. त्याला मोनो म्हणतात. दोन कानांसाठी दोन धागे वेगळे ठेवले की स्टिरिओ. हा विचार १९३१ साली इंग्लंडातील अ‍ॅलन ब्लूमलाईन या अभियंत्याने कागदावर मांडला आणि त्याचे पेटंट मागितले. तो ईएमआय या कंपनीत होता. आपल्याकडे घरोघरी ठाऊक असलेली, कर्ण्यासमोर कुत्रा बसलेली एचएमव्ही, ती याच घराण्यातली. पण स्टिरिओ तबकड्या बाजारात यायला १९५७-५८ साल उजाडले आणि आपल्या खेड्यात तो आवाज पोचायला आणखी वीस-पंचवीस वर्षे लागली.

म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांनी ऐकलेले सारे गाणे एका धाग्यातले. मेहकरचे वकील कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एचएमव्हीसाठी गायिली. मराठी भावगीताचा उगम पुष्कळ जण त्या तबकडीपाशी दाखवतात. वऱ्हाडच्या मातीतल्या कवितेचे हे भाग्य! पण त्या काळचे ध्वनिमुद्रण कसे होई ते पाहा. गाणारा आणि वाजविणारे एका खोलीत. तबकडीच्या एका बाजूवर मावतील अशी तीन-साडेतीन मिनिटे. चुकले तर पुन्हा पहिल्यापासून. कोणी किती दूर बसायचे, तबला किती मागे सरकवायचा, हे जागेवरच ठरे, आणि जे ठरले ते कायमचे मेणात उतरे. गळा वेगळा, पेटी वेगळी, असे काही शिल्लकच राहत नसे. संत्र्याचा आणि मोसंबीचा रस एका गंजात ओतला आणि ढवळला, तसे ते झाले. आता कोणी म्हणाले की यातला संत्र्याचा तेवढा परत वेगळा काढून द्या, तर काय कराल?

लोकांनी पहिल्यांदा केली ती चक्क लबाडी. स्टिरिओची हवा आली तेव्हा कंपन्यांच्या गुदामात मोनोचा माल पडलेला होता. १९६१ पासून अमेरिकेतील कॅपिटॉल कंपनीने जुनी गाणी ‘ड्युओफोनिक’ या नावाने विकायला काढली. एका बाजूला जाड आवाज जास्त, दुसऱ्या बाजूला बारीक आवाज जास्त, आणि एक बाजू किंचित मागे ठेवलेली. ऐकणाऱ्याला रुंदी वाटे, पण गाणे न्हाणीघरात म्हटल्यासारखे घुमे. आपल्याकडे पुढे १९८० नंतर ‘झंकार बीट्स’चा सुकाळ झाला. जुन्या गोड गाण्यावर यंत्राचा ढोल चढवलेला. एसटी स्टँडवर आणि पानठेल्यावर ह्या कॅसेटी इतक्या वाजल्या की एका पिढीला मूळ गाणे तसेच होते असे वाटू लागले. त्या वाजविणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही. लग्नाच्या मांडवात त्यांनी मजा आणली. पण बांडगुळाला झाड म्हणू नये.

दुसरा मार्ग खर्चाचा आणि जास्त सरळ. ‘मुगल-ए-आझम’ हा सिनेमा १९६० साली आला. २००४ साली तो रंगीत करून पुन्हा थिएटरात लावला, तेव्हा आवाजही नव्या पद्धतीने चहूबाजूंनी यायला हवा होता. संगीतकार नौशाद तेव्हा हयात होते. उत्तम सिंग यांच्या मदतीने वाद्यमेळ नव्याने, जिवंत वादक बसवून मुद्रित केला आणि गाणाऱ्यांचे गळे मात्र जुन्या फितीवरचेच ठेवले. ज्याचे गाणे त्याच्याच देखरेखीखाली झाले, म्हणून ते निभावले. तरी ते वाद्यसंगीत १९६० चे नव्हे, २००४ चे, हे ऐकताना ध्यानात ठेवावे लागते.

तिसरा मार्ग नशिबाचा. अमेरिकेतील बीच बॉईज या मंडळींची ‘पेट साउंड्स’ ही तबकडी १९६६ साली मोनोत निघाली. ती घडवणारा ब्रायन विल्सन एका कानाने बहिरा होता. एका कानाच्या माणसाने एका धाग्यात विणलेले काम ते. पण ध्वनिमुद्रणाच्या वेळच्या वेगवेगळ्या फिती कोणीतरी जपून ठेवल्या होत्या. त्या जुळवून १९९७ साली तिची खरीखुरी स्टिरिओ आवृत्ती निघाली. आजही जाणकार दोन्ही ऐकतात, आणि मोनोच बरी म्हणणारेही कमी नाहीत. मोनो हा गरिबाचा स्टिरिओ, असे समजायचे कारण नाही. करणाऱ्याने तोल एकाच धाग्यात साधलेला असतो.

आता भाच्याने केले त्याकडे येऊ. ढवळलेला रस वेगळा करण्याची ही विद्या अगदी अलीकडची. इंग्लंडच्या बीटल्स गायकांपैकी जॉन लेनन याने १९७० नंतरच्या दशकात घरी पियानोवर बसून एक गाणे साध्या कॅसेटवर म्हणून ठेवले होते. १९८० साली त्याचा खून झाला. १९९५ साली बाकीच्या तिघांनी त्या कॅसेटवरून गाणे पुरे करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला, कारण पियानो आणि घरघर यांच्याखाली गळा दबला होता. मग यंत्राला शिकवून तो गळा पियानोपासून सोडवला गेला, आणि ‘नाऊ अँड देन’ हे गाणे २०२३ च्या नोव्हेंबरात बाहेर आले. तोवर त्या तिघांतलाही एक, जॉर्ज हॅरिसन, २००१ साली गेला होता. एक घरगुती कॅसेट, ताई, तुमच्यासारखीच! कोणी तरी ती टाकून दिली नाही म्हणून हे झाले.

यंत्र हे कसे करते? आपल्याकडच्या उपमेने सांगायचे तर पाखडून. प्रत्येक आवाजात अनेक सूर एकावर एक बसलेले असतात. माणसाच्या गळ्याची त्यांची ठेवण निराळी, तबल्याची निराळी. संगणक आवाजाचे सेकंदाच्या बारीक बारीक तुकड्यांत सुराप्रमाणे दाणे करतो आणि हा दाणा गळ्याचा, हा वाद्याचा, असे सुपात वेगळे टाकतो. हे ओळखायला त्याला आधी शिकवावे लागते. ज्यांचा गळा आणि वाद्ये सुटीसुटी उपलब्ध आहेत अशी गाणी त्याला पुन्हा पुन्हा ऐकवतात. २०१९ साली डीझर या फ्रेंच कंपनीने ‘स्प्लीटर’ नावाचे असे साधन फुकट उपलब्ध करून दिले, आणि तेव्हापासून ही विद्या मोबाईलवर आली.

खोच इथेच आहे. संशोधक मंडळी ज्यावर यंत्रे शिकवतात आणि तपासतात असा एक प्रसिद्ध संच दीडशे गाण्यांचा आहे. त्यातली बहुतेक पाश्चात्त्य धाटणीची. आणि वाटण्या फक्त चार: गळा, ढोल, बेस आणि उरलेले सगळे. त्या यंत्राने खंजिरी कुठे ऐकली? खंजिरीचे कातडे ढोलाच्या वाटणीत गेले, तिच्या पितळी चकत्यांची किणकिण काही ढोलात, काही ‘उरलेल्यात’ आणि काही खरखर समजून साफच झाली. पेटीचा लांबलेला सूर गळ्यासारखा असतो. त्याच्यासोबत बाबांच्या आवाजाची टोके ओढली गेली असणार. ज्याला तुम्ही विहिरीत उतरणे म्हणता, त्याचे कारण बहुधा हेच. पाखडताना कोंड्याबरोबर दाणाही उडतो, हे ज्याने सूप धरले आहे त्याला सांगायला नको.

आणि मागचा गलका? कोणाचे खोकणे, लेकराचे रडणे, मध्येच कोणीतरी “जय गुरुदेव” म्हणणे. यंत्राच्या हिशेबी तो कचरा. घरच्यांच्या हिशेबी त्यात कदाचित तुमची आई असेल.

भाचा म्हणेल, मग सुधारणा करायचीच नाही का? जरूर करावी, पण नवी प्रत नवी म्हणून ठेवावी. यासाठी फार दूर जायला नको. तुमच्याच तालुक्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात तिथे म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र रचले. पुढे धामधुमीत मूळ पोथी गेली. अनुयायांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली. आणि जिथे आठवणी जुळल्या नाहीत, तिथे कोणाच्या स्मरणात काय होते याची नोंदही पोथ्यांत ठेवली गेली. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसांना मूळ कोणते आणि नंतरचे कोणते हे सांगावेसे वाटले. आपल्याला मोबाईलमधील फायलीवर दोन शब्द लिहायला जड का जावे?

आता कामाचे. कॅसेट वाजवण्याआधी काचेतून पाहा. फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर घरच्या टेपवर मुळीच लावू नका. फीत चिकटून तुटते आणि यंत्राचे डोकेही घाण होते. ती जाणकाराकडेच द्या. बुरशी नसेल तर एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवून सैल करून घ्या. स्पीकरवर किंवा पाण्याच्या मोटारीजवळ कॅसेट ठेवू नका. लोहचुंबक तिचा शत्रू आहे. धान्याच्या कोठीशेजारी ओल लागते, तिथेही नको.

दुकानदाराला स्पष्ट सांगा: “जसे आहे तसे उतरवून द्या, खरखर काढू नका, आणि वेव्ह फाईल द्या.” एमपी-३ लहान असते, पण ती करताना आवाजातला काही भाग कायमचा गाळला जातो. वेव्ह फाईल मोठी, तासाला सुमारे सहाशे एमबी. आजच्या पेन ड्राईव्हला ते काहीच नाही. टेप लावण्याआधी त्याने डोके पुसले आहे ना, तेही बघा. पुष्कळदा आवाज मंद येतो तो कॅसेटचा दोष नसतो, डोक्यावरच्या घाणीचा असतो.

ज्यांच्या घरी फोनोच्या जुन्या काळ्या तबकड्या आहेत त्यांनाही सांगून ठेवतो. ७८ फेऱ्यांची तबकडी लाखेची असते. आपल्या पळसाबोरीवर कीड जी लाख करते, तीच. ती स्पिरिटने पुसली तर विरघळते. पुसू नका, नुसती मऊ ब्रशने झटका. तिला सुईही जाड लागते, एलपीची बारीक सुई तिच्या खाचेत तळाला घासते. चांगला कारागीर मोनो तबकडीसुद्धा स्टिरिओ सुईनेच उतरवतो, कारण खाचेच्या दोन भिंतींपैकी कोणती कमी झिजली आहे ते त्याला निवडता येते. दोन कानांचा हा उपयोग मात्र शंभर टक्के खरा.

ताई, तुमच्या कॅसेटच्या मूळ उतरणीच्या दोन प्रती करा. एक तुमच्या घरी, एक भावाच्या घरी. भाच्याची स्टिरिओ तिसरी, वेगळ्या नावाने. कागदावर वडिलांचे नाव, गाव, १९८६, खंजिरीवर कोण, पेटीवर कोण, मागे टाळ कोणाचे, हे लिहून कॅसेटच्या डबीत घाला. पेटीवाले हयात असतील तर पावसाळ्याची उघडीप बघून एकदा त्यांच्याकडे जाऊन ऐकवा. नावे त्यांनाच आठवतील.